बोरझरीची मुक्कामी गाडी

किस्से साचायला गाडी बंद पडावी लागते, हे माझं पक्कं मत आहे. जी गाडी वेळेवर सुटते आणि वेळेवर पोचते, तिच्या कंडक्टरकडे सांगायला काय असणार? तिकीट दिलं, डबल बेल दिली, घरी गेला. आमच्या लाइनीवरची गाडी अशी कधी वागलीच नाही. ती भर जंगलात थांबायची, लोक खाली उतरून सावली धरायचे, कोणी बिडी काढायचा, कोणी पदरातली तेंदूची टेंभरं वाटायची, आणि मग बोलणं सुरू व्हायचं. अशानं माझ्याकडे इतके किस्से जमलेत की बायको म्हणते, "रिटायर झाल्यावर तुमाले जेवाले नाई दिलं तरी चालते, तुमी बोलूनच पोट भरसान."

तर राजेहो, बसलाच आहात तर बोरझरीच्या गाडीचे सांगतो. सगळे त्याच एका गाडीतले, त्याच दहा-पाच माणसांतले. शेवटचा मात्र मी अजून कोणाला धड सांगितलेला नाही.

* * *

आधी माणसं सांगतो. मी रामटेके, मूळचा पोंभुर्ण्याचा, कंडक्टर. माझा ड्रायव्हर मडावीभाऊ. आमच्या घरी जय भीम, त्याच्या घरी जोहार, आणि गाडीत दोघांचीही भाषा एकच, डबल बेल. मडावीभाऊ बोलायला कंजूस. मी बोलतो ते दोघांच्या वाटचं.

डेपोतून संध्याकाळी निघायचं, चामोर्शीचा रस्ता सोडून जंगलात वळायचं, आणि दिवस बुडता बुडता बोरझरीला पोचायचं. पुढं रस्ताच नव्हता, नाला होता. म्हणून गाडी तिथंच मुक्कामी. गावच्या मोहाच्या झाडाखाली ती उभी राहायची आणि पहाटे परत निघायची. आमच्या दोघांच्या जेवणाची गावानं पाळी लावलेली. आज या घरी, उद्या त्या घरी. हे कुठल्या नियमात बसत नाही, पण बोरझरीत आजवर कुठला ड्रायव्हर-कंडक्टर उपाशी झोपलेला नाही.

आणि या गावाची एक रीत होती. गाडी संध्याकाळी झाडाखाली लागली की लोक आपापल्या घरून एकेक वस्तू आणून सीटवर ठेवायचे. कोणाची टोपली, कोणाचा दुपट्टा, कोणाचं सूप, एका म्हाताऱ्याची तर एका पायाची चप्पल. सकाळची जागा धरली! रात्रभर गाडी उघडी, पण कोणी कोणाचं सूप इकडचं तिकडं करत नसे. धरलेल्या जागेवर दुसऱ्यानं बसायचं नाही, हा कायदा. सरपंच असो की फॉरेस्टचा गार्ड, कायदा सगळ्यांना सारखा.

एकदा मी रजेवर गेलो आणि माझ्या जागी जाधव नावाचा पोरगा आला. सांगलीकडून नवीनच बदलून आलेला, कामाला एकदम कडक. पहाटे बघतो तर गाडीभर टोपल्या आणि सुपं! त्याला वाटलं, काल उतरताना लोक सामान विसरले. त्यानं सगळं गोळा केलं आणि झाडाखाली छान एकावर एक रचून ठेवलं. सीटी फडक्यानं पुसल्या. मग लोक आले, गाडीत चढले आणि उभे राहिले. जाधव म्हणाला, अहो बसा की, सगळी गाडी मोकळी आहे. कोणी बसेना. वस्तूच नाही तर कोणती जागा कोणाची, कोणाला कळणार? आणि चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसलो तर? तशी ती रिकामी गाडी सगळ्या उभ्या माणसांना घेऊन निघाली.

वाटेत चेकर चढला. त्यानं रिकाम्या सीटी बघितल्या, उभे लोक बघितले, आणि जाधवला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "काऊन बाप्पा, सीटीले कलर दिला का?"

जाधव पुढं आमच्यातलाच झाला. पण त्यानं पुन्हा कधी कोणाच्या टोपलीला हात लावला नाही. आणि त्या दिवसापासून मीसुद्धा नाही.

* * *

आमची गाडी म्हणजे उस्मानभाईची पेशंट. उस्मानभाई डेपोतला मेकॅनिक. गाडी डेपोत शिरली की आवाजावरून तो आतूनच ओरडायचा, "आली का माझी बुढी?" तिचं सगळं म्हातारं झालं होतं. दरवाजा दोरीनं बांधलेला, मागची खिडकी पुठ्ठ्याची, आणि वायपर तर कधीच मेलेला. वायपरची मोटर मागवली होती. ती येईपर्यंत उस्मानभाईनं वायपरला एक दोरी बांधली, खिडकीतून आत घेतली आणि पहिल्या सीटपर्यंत आणून सोडली. पाऊस आला की पहिल्या सीटवरच्या माणसानं ती ओढायची आणि सोडायची. मोटर काही आली नाही. दोरी मात्र टिकली.

ती पहिली सीट शेवंताबाईची. शेवंताबाई बोरझरीची, नवरा मागेच गेलेला, एक मुलगी सासरी हेमलकशाकडे. बाईच्या किडन्या कामातून गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तिला चंद्रपूरला मशीनवर जावं लागायचं. आमच्या गाडीनं चामोर्शी रस्त्याच्या फाट्यापर्यंत, तिथून दुसरी गाडी. जायच्या दिवशी सकाळी तिचे पाय इतके सुजलेले असायचे की चपलेत शिरत नसत. उभं राहणं तिला जमतच नव्हतं. म्हणून मशीनच्या आदल्या संध्याकाळी तिचा पितळेचा गडवा, पाण्याचा तांब्या, त्या पहिल्या सीटवर दिसला की मला बरं वाटायचं. उद्याची तिची सोय झाली.

पावसाळ्यात दोरी तिच्या हातात. काय जोर लावायची! एकदा मुसळधार लागला होता, फाटा येईपर्यंत बाई थांबली नाही. मी म्हटलं, बाई, राहू द्या, मी ओढतो. तर म्हणाली, "तुमी तिकिटं फाडा. गाडी मी आणि मडावीभाऊ चालवून राह्यलो." मडावीभाऊ हसला. तो हसला हीच त्या दिवसाची बातमी.

मशीनवरून परत येताना संध्याकाळी ती खिडकीला डोकं टेकून झोपायची. आम्ही दोघं तेव्हा बोलत नसू. म्हणजे मी बोलत नसे.

* * *

आता मडावीभाऊचं. त्याचं गाव कोसमटोला. बोरझरीच्या पुढं, नाल्यापलीकडं. तुम्ही म्हणाल, मग बरं झालं, मुक्कामाला घरीच जात असेल! तीच तर गंमत आहे. गाडी सोडून ड्रायव्हरनं कुठं जायचं नाही, असा नियम. कोसमटोल्यात कोंबडा आरवला तर वाऱ्याच्या दिवसात बोरझरीत ऐकू येतो, आणि हा माणूस वर्षानुवर्षं ती गाडी उशाला घेऊन झोपला. घर समोर, आई घरात, आणि हा सीटवर आडवा.

कोसमटोल्याची माणसं नाला ओलांडून, चिखल तुडवत पहाटे गाडीला यायची. पण येऊन काय? सगळ्या जागा बोरझरीच्या टोपल्यांनी धरलेल्या. ती बिचारी थेट फाट्यापर्यंत उभी. पोटुशी बाई असली तर कोणी तरी उठून द्यायचं, नाही असं नाही. पण कायदा तो कायदा. मी कोसमटोल्याच्या लोकांना कधी तक्रार करताना ऐकलं नाही. ते दांडीला धरून उभे राहायचे आणि त्या सुपांकडं बघत राहायचे. मला ते बघणं आवडत नसे, खरं सांगतो.

मडावीभाऊची माय तर या गाडीत कधी चढलीच नाही. पोरगा ड्रायव्हर झाला तेव्हा अख्खं गाव नाला ओलांडून गाडी बघायला आलं होतं. तीही आली. चाकांभोवती फिरली, टायरवर हात ठेवला, आणि मडावीभाऊ म्हणाला, चल माय, एक चक्कर मारून आणतो. तर म्हातारी म्हणाली, "दारात येऊ दे. मंग बसीन." आणि चालत घरी गेली.

ती हट्टी आहे असं मला वाटायचं. मडावीभाऊला तसं वाटत नसे. तो म्हणायचा, लोकाच्या गावात जाऊन, लोकाच्या टोपल्यांमध्ये उभं राहून तिला पोराच्या गाडीतून जायचं नाही, इतकंच.

पुढं तिचे गुडघे गेले. नाला ओलांडून येणं बंद झालं. मडावीभाऊ सुट्टीत घरी गेला की तिला गाडीच्या सगळ्या गोष्टी सांगायचा. माझ्याशी न बोलणारा माणूस आईशी इतकं बोलतो, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं. जाधवचा किस्सा म्हातारीनं म्हणे पुन्हापुन्हा सांगायला लावला. आणि मडावीभाऊच्या रिटायरमेंटला आता एकच उन्हाळा राहिला होता.

* * *

मग नाल्यावर पूल झाला. पलीकडं रस्ताही झाला, काळाभोर, आमच्या जुन्या रस्त्यापेक्षा चांगला. आणि वरून साहेब आले.

साहेब भले होते, उगाच नावं कशाला ठेवा. चहा घेत त्यांनी सरळ सांगितलं की या लाइनीसाठी यंदा एकच काम होईल. एक तर लाइन वाढवायची, म्हणजे आहे तीच गाडी कोसमटोल्यापर्यंत न्यायची आणि मुक्काम तिकडं. नाही तर आहे ती लाइन सुधारायची. नवी गाडी, बंद पडलेली दुपारची फेरी परत सुरू, बोरझरीला शेड. दोन्ही होणार नाही.

त्यांची मुलगी कुठल्याशा मोठ्या शहरात मेट्रोच्या कामावर आहे. ते म्हणाले, तिच्याकडंही रात्रंदिवस हेच चालतं. जुन्या लाइनी झिजल्यात, सिग्नल जुने, डबे जुने, त्या नीट करायच्या की शहर पसरलंय तिकडं नवी स्टेशनं द्यायची? जुन्या लाइनीवरचे म्हणतात आधी आमचं बघा. पलीकडचे म्हणतात, तुमची झिजली तरी आहे, आम्हाला तर नाहीच. साहेब म्हणाले की तिला याचं उत्तर सापडलेलं नाही.

डेपोत दोन पार्ट्या झाल्या. उस्मानभाई सुधारणावाला. त्याचं म्हणणं, बुढीला आणखी लांब पळवाल तर ती नव्या रस्त्यावर मरेल, मग कोसमटोल्याची पण गेली आणि बोरझरीची पण. जाधव वाढवणारा. तो म्हणाला, ज्यांच्याकडं गाडी कधीच गेली नाही त्यांना आधी द्या. दोघं बोलायला लागले की कॅन्टीनवाला चहा टाकायचा थांबायचा.

एकदा जाधव म्हणाला, बघा, शेवटी वाढवणारच, दर वेळी असंच होतं. उस्मानभाईनं हातातला पाना खाली ठेवला. "होतंच ना. नवी लाइन असली की रिबिन कापाले सगळे येते. दुरुस्तीले कोन रिबिन कापते भाऊ?"

मी कोणत्या पार्टीत होतो, विचाराल तर मी जो बोलत असेल त्याच्या पार्टीत होतो. दोघांचंही खरं वाटायचं. मडावीभाऊ अशा वेळी उठून गाडीची काच पुसायला जायचा. ज्या दिवशी काच सगळ्यात स्वच्छ, त्या दिवशी भांडण सगळ्यात मोठं झालं असं समजावं.

* * *

साहेबांनी बोरझरीला मोहाच्या झाडाखाली दोन्ही गावांची बैठक लावली. आमच्याच गाडीनं आले, आणि वाटेत गाडी दोनदा बंद पडली, ते एक बरंच झालं.

बोरझरीचे म्हणाले, आम्ही या गाडीला इतकी वर्षं सांभाळलं. गाडी चिखलात फसली तर आमच्या बैलांनी काढली. आमच्या घरचं खाऊन तुमची माणसं झोपली. आता मुक्काम तिकडं गेला तर सकाळी गाडी भरून येईल, आणि आम्ही उभे. कोसमटोल्याचे म्हणाले, आम्ही तर आजपर्यंत उभेच होतो.

मग शेवंताबाई उठली. उठायला तिला वेळ लागला. तिनं लुगडं घोट्याच्या जरा वर धरलं आणि साहेबांना पाय दाखवले. म्हणाली, "साहेब, मले गाडी कुठी जाते त्याच्याशी काही नाई. मले जायच्या दिवशी बसाले जागा पायजे. उभी राह्यली तं मी मशीनपर्यंत पोचत नाई."

एवढं बोलून ती बसली. कोसमटोल्याचे सगळे खाली बघत होते. त्यांनाही तिचे पाय माहीत होते, शेजारी उभं राहून दर खेपेला बघितलेले.

साहेबांनी मडावीभाऊला विचारलं, ड्रायव्हर म्हणून तुमचं मत काय? सगळं बोरझरी त्याच्याकडं बघायला लागलं, ज्यांच्या घरची भाकर त्यानं खाल्ली होती ते. सगळा कोसमटोला बघायला लागला, त्याचे काका, भाचे, सगळे. तो उभा राहिला आणि म्हणाला, "पूल मजबूत आहे साहेब. रस्ता चांगला आहे." बसला.

त्या संध्याकाळी जेवायची पाळी नेमकी शेवंताबाईची. मला वाटलं, आज काही खरं नाही. पण तिनं बोलावलं. पानात भात, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी. मडावीभाऊ भात चिवडत बसला.

शेवंताबाईनं त्याच्या पानात आणखी वरण वाढलं. "खा भाऊ. गाडी कुठी नेतीन ते नेतीन. आज पाळी माही आहे."

तो जेवला. पण हात धुवायला बाहेर गेला तो बराच वेळ आत आला नाही. मी बाहेर जाऊन बघितलं तर कुंपणाला टेकून नाल्याच्या दिशेनं बघत उभा होता. पहिल्यांदा तो आपणहून बोलला. म्हणाला, "रामटेके, माय बसली पायजे रे गाडीत. पन हिले उठवून नाई."

* * *

निकाल लागला. वाढवायची. नवी गाडी नाही, दुपारची फेरी नाही, शेड नाही. तीच बुढी, कोसमटोल्यापर्यंत.

दोन दिवसांनी बघतो तर उस्मानभाई आमच्या गाडीखाली आडवा. भंगारात निघालेल्या एका गाडीचं जे जे चांगलं होतं ते त्यानं काढून आणलं आणि बुढीला लावलं. स्प्रिंगा बदलल्या, ब्रेक केले, पुठ्ठ्याच्या जागी काच आली, दरवाजाला कडी आली. जाधव रोज ड्यूटी संपली की त्याच्या हाताखाली. दोन्ही पार्ट्या एकाच गाडीखाली झोपलेल्या!

मी म्हटलं, उस्मानभाई, तुम्ही तर सुधारणावाले, मग वाढवायच्या गाडीला एवढं का? तो खालूनच म्हणाला की दूर पाठवायची तर आधी धड करूनच पाठवावी लागते, हे साहेबाच्या पोरीला पण सांगा.

सगळं झालं. वायपर तेवढा राहिला. मोटर त्या भंगारातल्या गाडीतही मेलेलीच निघाली. मग उस्मानभाईनं जुनी झिजलेली दोरी काढली आणि नवी कोरी निळी नायलॉनची दोरी बांधली. ओढून बघितली, खूश झाला. म्हणाला, वायपर एकदम नवीन.

* * *

हा शेवटचा.

पहिल्या संध्याकाळी आम्ही बोरझरीला थांबलो, माणसं उतरली, आणि मी डबल बेल दिली. इतक्या वर्षांत बोरझरीला संध्याकाळी दिलेली पहिली डबल बेल. लोक मोहाच्या झाडाखाली उभे होते. कोणाच्या हातात टोपली नव्हती. शेवंताबाई मागं उभी होती, हातात गडवा. सवयीनं घेऊन आली असेल. दुसऱ्या दिवशी तिचा मशीनचा दिवस. मी मान वळवली.

कोसमटोल्यात ढोल होते. बायांनी चाकांवर पाणी घातलं, बोनेटला हळद-कुंकू लावलं. गाडी थेट मडावीभाऊच्या दारात लागली. म्हातारी ओट्यावर बसून होती. ती उठली नाही, तिथूनच बघत राहिली. मडावीभाऊनं पहिली सीट आपल्या दुपट्ट्यानं झाडली आणि म्हणाला, माय, उद्या इथी बसायचं. म्हातारीनं मान हलवली. त्या रात्री तो आपल्या घरात झोपला. गाडी दारात होती, नियमही मोडला नाही.

पहाटे मी गाडीत चढलो आणि थांबलो. पुढच्या अर्ध्या गाडीत प्रत्येक सीटवर पळसाचं एक पान, आणि पान उडू नये म्हणून वर एक खडा. पहिल्या सीटवरही. मनात म्हटलं, शिकले लेकाचे! एका रात्रीत शिकले. आता बोरझरीवाल्यांनी उभं राहायचं. चूक कोणाची म्हणायची? ते इतकी वर्षं उभेच होते. पण शेवंताबाईचे पाय डोळ्यांपुढून जाईनात. वाटलं, पहिल्या सीटवरचं पान गुपचूप खिडकीतून टाकून द्यावं. हात पुढं झालासुद्धा. मग जाधवची ती रिकामी गाडी आठवली आणि मी हात मागं घेतला.

माणसं चढली. मागच्या सीटी भरल्या. राहिलेले उभे राहिले. मी म्हटलं, अहो, पुढं तुमच्याच जागा आहेत, बसा. कोणी हललं नाही. मला वैताग आला. पुन्हा म्हटलं, बसा ना बाप्पा. एक जण म्हणाला, राहू द्या, धरलेल्या आहेत.

मग मडावीभाऊनं मायला हाताला धरून आणलं. नवं लुगडं नेसलेली. पायरीवर चढायला तिला दोघांनी उचललं. ती आत आली, गाडीच्या छताकडं बघितलं, पोराच्या सीटकडं बघितलं, आणि पहिल्या सीटजवळच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"माय, बस ना."

"चालव तू," ती म्हणाली.

त्याला वाटलं ती घाबरली. त्यानं गाडी इतकी हळू नेली की पुलावर एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. मी मागं उभा राहून त्याचा चेहरा आरशात बघत होतो. पोराच्या गाडीत पहिल्यांदा बसायचं, ते म्हातारी उभीनं चालली होती, आणि त्याचा चेहरा पार उतरला होता.

बोरझरी आली. सगळे झाडाखाली उभे, तोंडं पडलेली. दार उघडलं. एकेक जण चढला, आणि पुढच्या रिकाम्या सीटी बघून थबकला. पान दिसलं, खडा दिसला. बोरझरीच्या माणसाला हे कोणी सांगायला नको. तेही उभे राहिले. अर्धी गाडी रिकामी, आणि दोन्ही गावं दांडीला धरून एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभी.

शेवंताबाई सगळ्यात शेवटी चढली. मी हात दिला. पाय आणखीच सुजले होते. तिनं पहिल्या सीटकडं बघितलं, पानाकडं बघितलं, आणि शेजारची दांडी धरली. त्याच दांडीला म्हातारीचे हात होते.

म्हातारीनं एक हात सोडला. सीटवरचा खडा उचलून खिडकीबाहेर टाकला. पान उचललं. मग खिडकीत बांधलेली ती नवी निळी दोरी दोन बोटांनी धरून बघितली.

"पानी आलं तं दोरी कोन ओढीन, बाई? बस."

बाहेर आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. मी डबल बेल दिली.